मीर सुलतान खान

गेल्या श्रावणांत शाळेच्या मैदानावर घोटाभर पाणी सांचलें होतें आणि हुतुतूचे गडी निरुपायानें व्हरांड्यांत येऊन बसले होते. त्यांतील दोघांनीं बुद्धिबळाचा पट पसरला. इतक्यांत त्यांपैकीं एकाचे आजोबा नातवाला न्यावयास छत्री घेऊन आले व उभ्याउभ्याच डाव पाहूं लागले. नातवानें पहिल्याच खेळीस प्यादें दोन घरें पुढें सारतांच त्यांनीं त्याचा हात धरला. प्यादें एका वेळीं एकच घर चालतें, असें आजोबांचें म्हणणें. पहिल्या खेळीस दोन घरांची मुभा पुस्तकांत छापली आहे, असें नातवाचें. दोघेही आमच्याकडे न्याय मागूं लागले. आम्हीं दोघांच्याही बाजूनें निकाल दिला. निर्मळच्या वाड्यांतून दिवसभर केळींना व पानवेलींना पाणी लावून संध्याकाळीं ओट्यावर पट मांडणारीं जुनीं माणसें ज्या रीतीनें खेळत, ती देशी रीत. आणि शाळांशाळांतून सामने होतात, ती विलायती. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों, त्याला या दोन रीतींमधील अंतर ऐन पंचविशींत ओलांडावें लागलें, आणि तें त्यानें असें ओलांडलें कीं सारें युरोप पाहत राहिलें.

मीर सुलतान खान यांचा जन्म इ. स. १९०३ च्या सुमारास पंजाबांतील मिठा टिवाणा या गांवीं झाला. हा मुलूख सरगोध्याच्या बाजूचा. आज तो पाकिस्तानांत आहे. त्यांचे वडील मियां निजामुद्दीन हे धर्मपरायण गृहस्थ असून बुद्धिबळाचे शौकीन होते. मुलाच्या हातीं मोहरीं त्यांनींच दिलीं. मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. वयाच्या एकविसाव्या वर्षीं पंजाबांत त्याच्या तोडीचा खेळाडू उरला नाहीं असें लोक मानूं लागले.

येथें देशी रीतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण त्याशिवाय पुढील हकीकतीचें मर्म कळणार नाहीं. या रीतींत प्यादें नेहमीं एकच घर चालतें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं राजाला आयुष्यांत एकदां घोड्याप्रमाणें उडी मारण्याची सवलत असते. शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें विलायती रीतींत बहुधा वजीर होतें, देशी रीतींत मात्र तें ज्या ओळींत पोंचलें असेल त्या ओळीच्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळतो. यामुळें फौजा समोरासमोर येण्यास वेळ लागतो. दहा-पंधरा खेळ्या होईपर्यंत कोणी कोणाला मारीत नाहीं. जो तो आपली तटबंदी करीत असतो. विलायती खेळाडू पहिल्या दहा खेळ्या पुस्तकांतून पाठ करून येतो. देशी खेळाडूला पुस्तक नसतें, पण चिवटपणा असतो, आणि पटावर चार मोहरीं उरल्यावर त्याचा हात कांपत नाहीं.

या संथ खेळाकडे पाश्चात्यांचें लक्ष पूर्वींच गेलें होतें. कलकत्त्याचे मोहेशचंद्र बंदोपाध्याय हे कॉक्रेन साहेबांशीं गेल्याच्या मागच्या शतकांत खेळत. उंट कडेला बसवून दुरून मारा करण्याची त्यांची जी पद्धत, तिच्यावरूनच आज जगभर इंडियन डिफेन्स हें नांव रूढ आहे. बुद्धिबळाच्या कूटांतही असेंच घडलें. दिल्लीस असलेले रेव्हरंड लव्हडे या पाद्रीसाहेबांनीं शागीर्द असें टोपणनांव घेऊन १८४५ सालीं विलायतच्या एका बुद्धिबळ-मासिकांत एक कूट प्रसिद्ध केलें. त्यांत एक बलवान मोहरें आपण होऊन पाठीमागें हटतें, दुसरें त्याच्या वाटेंत येऊन उभें राहतें, त्यामुळें कोंडलेल्या शत्रूच्या राजाला एक खेळी करण्यापुरता श्वास मिळतो, आणि त्यानें ती खेळी करतांच वाटेंतील मोहरें बाजूस होऊन मात होते. हें कूट इंडियन प्रॉब्लेम म्हणून प्रसिद्ध आहे आणि कूटें रचणारे अद्यापि त्याचा अभ्यास करितात. असो.

सुलतान खान यांच्या आयुष्याला वळण दिलें तें सर उमर हयात खान टिवाणा यांनीं. हे त्या प्रांतांतील बडे जमीनदार असून बुद्धिबळाचे षोकी होते. त्यांनीं या तरुणाला आपल्या पदरीं घेतलें व विलायती नियमांचे धडे त्यास देवविले. १९२८ सालीं अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खान नऊ डाव खेळले; आठ जिंकले, एक बरोबरींत सुटला. पुढच्याच वर्षीं सर उमर यांची भारतमंत्र्यांच्या मंडळावर नेमणूक होऊन ते लंडनला राहावयास गेले, तेव्हां त्यांनीं सुलतान खानांस बरोबर नेलें.

लंडनमधील आरंभ कांहीं उमेद वाढविणारा नव्हता. तयारीकरितां एक लहानशी स्पर्धा भरविण्यांत आली, तींत आमचा पंजाबचा विजेता शेवटच्या जागेचा वांटेकरी झाला. थंडी, धुकें, परकी भाषा, आणि समोर पुस्तकें कोळून प्यालेले प्रतिस्पर्धी! त्या स्पर्धेंत त्यांच्या वर असलेले येट्स व विंटर या दोघां इंग्रज खेळाडूंनीं नंतर त्यांस शिकविण्याचें काम अंगावर घेतलें, हें त्यांच्या दिलदारपणाचें लक्षण होय. कारण ज्याला ते शिकवीत होते, तोच उद्यां पटाच्या पलीकडे बसणार होता. त्याच उन्हाळ्यांत रॅम्सगेट येथें ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि सुलतान खान तिचे विजेते ठरले. विलायतच्या भूमीवर पाऊल ठेवून त्यांस तेव्हां पुरते चार-पांच महिनेही झाले नव्हते.

मध्यंतरीं ते हिंदुस्थानांत येऊन १९३० मध्यें पुन्हां युरोपांत गेले आणि तेथून पुढचीं तीन-साडेतीन वर्षें हा त्यांच्या कीर्तीचा काळ होय. लिएज येथील स्पर्धेंत ते टार्टाकोव्हर यांच्या खालोखाल दुसरे आले. त्या वर्षाच्या अखेरीस हेस्टिंग्जला नाताळची स्पर्धा भरली. तींत क्यूबाचे कापाब्लांका आले होते. १९२१ पासून १९२७ पर्यंत जगज्जेतेपद भूषविलेला हा खेळाडू एके काळीं सलग आठ वर्षें एकही डाव हरला नव्हता. त्यांनीं काळीं मोहरीं घेऊन जो बचाव मांडला, तो नेमका इंडियन डिफेन्सच्या कुळांतील होता! बावीस-तेवीस खेळ्यांच्या सुमारास सुलतान खानांचा वजीर पडला, मात्र त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती उचलले. पट प्याद्यांनीं गच्च बंद झालेला. वजिराला धांवावयास मोकळें रान नाहीं. मग सुलतान खानांनीं आपले हत्ती, एक एक घर करीत, जागेवर आणिले. ६५ व्या खेळीपर्यंत हा डाव चालला आणि कापाब्लांका हरले. त्या स्पर्धेंत पहिले डच खेळाडू यूवे, दुसरे कापाब्लांका व तिसरे सुलतान खान आले.

पुढें जानेवारी १९३१ मध्यें टार्टाकोव्हर यांच्याशीं बारा डावांचा सामना झाला. चार जिंकून, तीन गमावून व पांच बरोबरींत सोडवून सुलतान खान अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या हिशेबानें साडेसहा विरुद्ध साडेपांच असे विजयी झाले. त्याच वर्षीं प्रागच्या ऑलिंपियाडमध्यें ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. सतरा डावांपैकीं आठ जिंकले, सात बरोबरींत, दोन हरले; जिंकलेल्यांत फ्लोर व रुबिन्स्टाइन हे होते, आणि तत्कालीन जगज्जेते अलेखाइन यांच्याशीं बरोबरी झाली होती. १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीं पुन्हां मिळविलें. येथें आमच्या विद्यार्थिनींसाठीं एक गोष्ट सांगून ठेवितों. सर उमर यांच्याच घरांतील फातिमा नांवाच्या तरुणीनें १९३३ मध्यें ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलें. अकरा डावांत तिनें दहा जिंकले व एक बरोबरींत सोडविला, एकही हरली नाहीं. तिचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

या यशाच्या काळांत शरीर मात्र त्यांना साथ देत नव्हतें. हिंवतापानें ते वारंवार आजारी पडत, घसा धरे, गळ्याभोंवतीं पट्टी गुंडाळून ते डावाला बसत.

आतां एका नाजुक प्रश्नाकडे वळतों. इंग्लंड-अमेरिकेंत त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें त्यांत बहुतेकांनीं त्यांस सर उमर यांचा नोकर म्हटलें, निरक्षरही म्हटलें. अमेरिकन खेळाडू रुबेन फाइन यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, १९३३ च्या ऑलिंपियाडच्या वेळीं त्यांच्या संघास सर उमर यांच्या घरीं मेजवानी होती, आणि तेथें वाढावयास आले ते स्वतः सुलतान खान! ज्याच्याशीं पटावर बरोबरीच्या नात्यानें झुंजावयाचें, त्याच्याच हातचें ताट घेतांना त्या पाहुण्यांस संकोच झाला. उलटपक्षीं सुलतान खानांच्या मुलानें व नातीनें अलीकडे, म्हणजे २०२० सालीं, असें लिहिलें आहे कीं, त्यांचें घराणें जमीनजुमला बाळगून असलेलें व मानमरातबाचें होतें. त्यांस लिहितां-वाचतां येत होतें, आणि नोकर ही पदवी परकीयांच्या कल्पनेंतून निघाली. आमचें मत विचाराल तर घरच्या माणसांच्या सांगण्यास आम्ही अधिक वजन देतों. पाहुण्याला आपल्या हातानें वाढणें यांत आपल्याकडे चाकरी मानीत नाहींत. आमच्या गांवच्या लग्नांत नवऱ्यामुलाचा सख्खा काका पंगतींत वाढीत फिरतो. तथापि एक गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं. सुलतान खान विलायतेस गेले ते सर उमर गेले म्हणून, आणि १९३३ च्या डिसेंबरांत परत आले तेही सर उमर परतले म्हणून. त्या वेळीं ते तिशीचे होते. त्यांच्या खेळाला नुकता कोठें बहर येत होता. लंडनला आणखी दहा वर्षें राहिले असते तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांत अनेकदां येतो.

स्वदेशीं परतल्यावरच्या त्यांच्या एका सामन्याशीं आपल्या महाराष्ट्राचा संबंध आहे. १९३५ सालीं आपल्याकडील नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं ते दहा डाव खेळले. नऊ त्यांनीं जिंकले. एक खाडिलकरांनीं बरोबरींत सोडविला. ज्याच्यापुढें कापाब्लांका हरला त्याच्याकडून अर्धा गुण घेणें हेंही लहान काम नव्हे. त्यानंतर मात्र बुद्धिबळाच्या जगाला सुलतान खानांचें दर्शन झालें नाहीं. सरगोध्याकडे ते आपल्या जमिनींत शेती करून राहिले. देशाची फाळणी झाली व त्यांचें शिवार सरहद्दीपलीकडे गेलें. १९५० मध्यें जागतिक संघटनेनें ग्रँडमास्टर हा किताब प्रथम २७ खेळाडूंस दिला. पट सोडून बरींच वर्षें झालेल्या वृद्ध रुबिन्स्टाइन यांचेंही नांव त्या यादींत होतें, त्यांना हरविणाऱ्या सुलतान खानांचें नव्हतें. इकडे १९५५ मध्यें एलूर येथें भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा होऊन तींत आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे व्यंकय्या हे संयुक्त विजयी झाले, तेव्हां सरगोध्याचा शेतकरी बैलामागें नांगर धरणाऱ्या गड्यांवर देखरेख करीत असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींही नसावें.

त्यांना अकरा अपत्यें झालीं. एकालाही त्यांनीं हा खेळ शिकविला नाहीं. आयुष्यांत याहून उपयोगाचें कांहीं करा, असें ते मुलांस सांगत. गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस विचारिलें होतें कीं, मास्तर, हा बैठा खेळ पोरांना शिकवून त्यांच्या पोटापाण्याची काय सोय होणार? त्यांना हें सांगितलें असतें तर ते म्हणाले असते कीं तुमचा सुलतान खानच आमच्या बाजूचा निघाला! आणि त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एवढें मात्र खरें कीं ज्या मुलांना त्यांनीं पटापासून दूर ठेविलें, त्यांच्याच घरांतून पुढें त्यांच्या नांवासाठीं लेखणी उचलली गेली.

क्षयानें २५ एप्रिल १९६६ रोजीं सरगोधा येथें त्यांचा अंत झाला. मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं, २०२४ च्या फेब्रुवारींत, जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांस सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला.

हेस्टिंग्जचा तो ६५ खेळ्यांचा डाव आम्हीं मोठ्या कागदावर उतरून व्हरांड्यांत लाविला आहे. श्रावणांत तंटा घेऊन आलेल्या त्या आजोबांना तो आम्हीं पटावर मांडून दाखविला. पांचव्या खेळीस सुलतान खानांनीं डाव्या कडेचें प्यादें पुढें सारलें. एकच घर. आजोबांनीं नातवाकडे पाहिलें, आणि पुढची खेळी मांडावयाची त्यांनीं आम्हांस खूण केली.