नरसीचे लेकरू आणि मुके जीव

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत संत नामदेवांवर लेख कशाला, असे काही धम्मबांधव विचारतील. प्रश्न रास्त आहे. संतांनी देवापुढची समता सांगितली, पण समाजातली जातीची उतरंड मोडली नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला स्पष्ट बजावून ठेवले आहे. ते आम्ही विसरलो नाही. तरी हा लेख लिहावासा वाटला, त्याला कारण आपलीच लेकरं आहेत.

मागच्या पावसाळ्यात रविवारच्या बालवर्गाला आलेल्या पोरांनी कुत्र्याची भिजलेली पिलं विहाराच्या ओट्यावर आणून ठेवली. कुणी घरून पोतं आणलं, कुणी वाटीभर दूध. घाण होईल म्हणून आम्हीच काठी घेऊन उठलो. दुसऱ्याचे नाव कशाला घ्यावे? एक चार-पाच वर्षांची पोरगी पिलांच्या आडवी उभी राहिली अन् रडायलाच लागली. काठी खाली ठेवावी लागली. नुकतेच पंचशील ग्रहण केले होते. पहिले शील आम्ही तोंडाने म्हटले आणि त्या पोरीने पाळले. रात्री जिनिंग मिलच्या पाळीवर कापसाच्या ढिगाशी उभे असताना हेच डोक्यात फिरत होते. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले एक जुने लेकरू आठवले.

कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते आपल्या जिल्ह्यात आले. या नरसीत १२७० साली नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरेने मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंप्याची. सुई-दोऱ्यावर पोट भरणारे कष्टाचे घर.

लहानपणाची एक गोष्ट सांगतात. आईने नाम्याला औषधासाठी झाडाची साल आणायला पाठवले. साल सोलली तसा झाडाला चीक आला. लेकरू थबकले. घरी आले ते स्वतःच्या पायाचे कातडे खरवडून, रक्ताने माखून. आई घाबरली. झाडाला किती दुखले असेल ते त्याला बघायचे होते, एवढेच त्याचे म्हणणे. दुसरी गोष्ट नैवेद्याची. देव दूध पीत नाही म्हणून हे पोर रडत बसले. त्यातला चमत्कार आम्ही बाजूला ठेवतो, आपला धम्म तसल्या गोष्टींवर उभा नाही. पण समोरचा उपाशी आहे असे वाटून लेकराला रडू येते, हे मात्र खोटे नाही. घरोघर बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी भाकर त्याच्या घशाला लागू नये म्हणून. ही गोष्ट काही जण लहानपणची सांगतात, काही मोठेपणची. आम्हाला वाटते, मोठेपणची असेल तर जास्त मोलाची. कारण लेकराची माया मोठेपणी टिकवणे, हेच अवघड काम आहे.

पुढे नामदेव पंढरपूरला वाढले. राजाईशी लग्न झाले, मुलंबाळं झाली. गंगाखेडची जनाबाई त्यांच्याच घरी राबली आणि तिनेही अभंग रचले. औंढ्याला विसोबा खेचर हे गुरू भेटले. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा केली. नंतर पंजाबात जाऊन गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे पुष्कळ वर्षे राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्याला हीन जातीचा म्हणून देवळातून उठवून लावले, हे दुःख त्यांनी त्यातल्या एका पदात सांगितले आहे. म्हणजे हाकलून दिलेल्याचे मन त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

आता मुख्य गोष्ट. मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि वेठीला राबणारे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते, आपल्या महार समाजातले. अशा मजुरांच्या हाडांना कोण विचारतो? नामदेव स्वतः गेले, चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी केली. जिवंतपणी ज्याला देवळाबाहेर उभे केले, त्याची हाडे शिवायला हा शिंपी कचरला नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही ध्यानात ठेवावे.

१३५० साली नामदेव गेले. झाडाच्या चिकाला पाहून पाय खरवडणारे लेकरू आणि दगडमातीतून चोखोबांची हाडे वेचणारा म्हातारा, हा एकच माणूस आहे. म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

पण सगळ्यांचे असे होत नाही. महाडच्या तळ्यावर गुरं-कुत्री पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. मुंगीला साखर घालणारे हात माणसाला पाणी नाकारत होते. मुक्या जिवांची माया माणसापर्यंत पोचली नाही, तर ती अर्धीच.

आणि उलटेही खरे आहे. लेकरू जन्मतः कुत्र्याला दगड मारत नाही, आपण ते शिकवतो. गंमत म्हणून बेडकाला, सरड्याला मारू देतो. एकदा दुसऱ्याच्या कळीला हसायची सवय लागली की उद्या ते पोर माणसालाही हसेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाचे बालपण सांगताना बाण लागलेल्या पक्ष्याची हकीकत घेतली आहे. देवदत्ताने पाडलेला पक्षी सिद्धार्थाने वाचवला, आणि वाचवणाराच त्याचा धनी ठरला. करुणेचा आरंभ तिथूनच होतो.

तेव्हा वाचक मायबापांना एवढीच विनंती. उन्हाळ्यात दारात पाण्याची पसरट कुंडी ठेवा आणि रोज ती भरायचे काम लेकरांना द्या. पिसाळलेल्या जनावराची भीती आणि काळजी जरूर शिकवा, पण दगड हातात देऊ नका. विहाराच्या ओट्यावरची ती पिलं आता मोठी झाली आहेत. आम्ही पाळीवरून आलो की शेपूट हलवतात. आमची काठी त्यांनी कधीच विसरून टाकली. आम्ही मात्र विसरू नये.

जय भीम.