चौकोनाच्या कर्णावर अडून बसलेले भास्कराचार्य

सातारा-सांगलीकडच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना चक्रीय चौकोनाचे उदाहरण हमखास सोडवावे लागते. एक कोन ७० अंशांचा दिला की समोरचा ११० अंशांचा. कारण चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असले की संमुख कोन पूरक असतात. वर्तुळाची अट काढली की उत्तरही गेले. या अटीच्या उंबरठ्यापर्यंत भास्कराचार्य पावणेनऊशे वर्षांपूर्वी पोहोचले होते.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग.

केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये दिली होती. ती अचूक ठरते ती वर्तुळात बसणाऱ्या चौकोनापुरतीच. पण ही मर्यादा सूत्रात स्पष्ट नव्हती. भास्कराचार्यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. चार काठ्यांची चौकट समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबली की बाजू त्याच राहतात, कर्ण आणि क्षेत्रफळ मात्र बदलतात. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच ठरवले. उत्तर देणाऱ्यालाही सोडले नाही. पूर्वसूरींविषयी ही भाषा कडकच म्हणायची.

गंमत पुढेच आहे. ‘लीलावती’त ६०, ५२, २५ आणि ३९ बाजूंचा चौकोन येतो. ३-४-५ आणि ५-१२-१३ या दोन काटकोन त्रिकोणांवरून त्याचे ५६ आणि ६३ हे कर्ण भास्कराचार्य चटकन काढून दाखवतात. कर्ण परस्परांना लंब, म्हणून क्षेत्रफळ १७६४. ब्रह्मगुप्तांची रीतही हेच उत्तर देते. कारण हा चौकोन वर्तुळातलाच आहे! ते वर्तुळ मात्र भास्कराचार्यांनी बोलून दाखवले नाही आणि ब्रह्मगुप्तांवर थोडा अन्याय झाला. अशा चौकोनाभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या काढण्याचे सूत्र पंधराव्या शतकात केरळच्या परमेश्वर यांनी दिले. त्यानुसार या वर्तुळाचा व्यास ६५ येतो.

वयाच्या ६९व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने पाटण येथे मठ स्थापला, असे तेथील यादवकालीन शिलालेख सांगतो. हे पाटण सातारा जिल्ह्यातले नव्हे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळचे.