नगरभवनांचे शिल्पकार विल्यम ॲडम

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी डंडी हे शहर वसले आहे. शहराच्या मध्यवर्ती सिटी स्क्वेअर या चौकात उभे राहिले की समोर केअर्ड हॉलचे भव्य स्तंभ दिसतात. मात्र १९३२पर्यंत हे दृश्य असे नव्हते. हॉलच्या पुढ्यात, हमरस्त्याला लागून, शहराचे जुने नगरभवन उभे होते. कमानी पेलणाऱ्या त्याच्या खांबांवरून लोक त्याला लाडाने पिलर्स म्हणत. १७३०च्या दशकाच्या आरंभी ते साकारणारे वास्तुविशारद म्हणजे विल्यम ॲडम.

ॲडम यांचा जन्म १६८९ साली कर्कोडी या बंदराच्या गावी झाला. वडील गवंडीकाम करीत; आई मात्र उमराव घराण्यातील. दगडाची पारख आणि बड्या घरांत सहज वावरण्याची हातोटी, दोन्ही वारसे त्यांना आयुष्यभर उपयोगी पडले. १७१४ साली ते विटांच्या कारखान्यात भागीदार झाले. पुढे मेरी रॉबर्टसन या भागीदाराच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. तरुणपणी फ्रान्स आणि हॉलंड त्यांनी पाहिले. तेथून परतताना केवळ इमारतींचे संस्कारच नव्हे, तर जवाच्या गिरणीचे तंत्रही त्यांनी सोबत आणले. कोळसा, मीठ, दगडखाणी, गिरण्या अशा अनेक उद्योगांत त्यांचा हात होता. वास्तुविशारद आणि कंत्राटदार हे दोन वेगळे व्यवसाय होण्याआधीचा तो काळ. आराखडा त्यांचा, वीट त्यांची आणि बांधकामही त्यांचेच. १७३० साली लष्कराच्या बांधकामांचे मुख्य गवंडी म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते देशातील अग्रगण्य बांधकाम व्यावसायिक ठरले.

होपटाउन हाउससारख्या उमरावांच्या प्रासादांमुळे त्यांचे नाव झाले. आमच्या मते त्यांचे खरे मोल सार्वजनिक इमारतींत आहे. स्कॉटिश शहरांत टोलबूथ ही जुनी संस्था होती. जकात, नगरपरिषद, न्यायालय आणि तुरुंग यांचा कारभार तिथे एकाच छपराखाली चाले. ही वास्तू बहुधा जाड भिंतींची, गढीसारखी असे. ॲडम यांनी डंडीत तिला अभिजात प्रमाणबद्धतेचा चेहरा दिला. खाली रस्त्याकडे उघडणाऱ्या कमानी व त्यांमागे दुकाने, वर परिषदेची व न्यायाची दालने, त्याहून वर तुरुंग आणि सर्वांवर मनोरा. नगरपित्यांच्या डोक्यावर कैदी, ही रचना आज गमतीची वाटेल. त्या काळी ती रूढच होती. नवी होती ती ऊनपावसात कोणालाही आडोसा देणारी कमानींची जागा. बाजारहाट, सौदे, भेटीगाठी तेथे होत. हॅडिंग्टनचे त्यांनी बांधलेले नगरभवन आजही उभे आहे, त्याचा उंच कळस मात्र नंतरचा.

एडिंबरोचे रुग्णालय हे त्यांचे असेच एक काम. १७३८ साली त्याची पायाभरणी झाली. वर्गणीबरोबरच कोणी लाकूडकाम दिले, कोणी दगड वाहून आणले, मजुरांनी दिवसाची मजुरी सोडली. एका शहराने आपल्या रुग्णांसाठी केलेला तो सामुदायिक यज्ञच होता.

उत्तरायुष्य वादाने झाकोळले. बॅन्फच्या डफ हाउसवरील कोरीव दगडांच्या पैशांवरून लॉर्ड ब्राको यांच्याशी खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षे चालला. निकाल अखेर ॲडम यांच्या बाजूने लागला, परंतु १७४८ सालीच त्यांचे निधन झाले. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी पुढे लंडन गाजवले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत विसावा मिळवला. पुत्राच्या कीर्तीत पिता झाकला गेला. व्हिट्रूव्हियस स्कॉटिकस या आराखड्यांच्या ग्रंथासाठी त्यांनी हयातीत ताम्रपट कोरून घेतले, तरी तो प्रकाशित झाला १८१२च्या सुमारास, नातवाच्या हातून.

इमारतींचे भाग्यही तसेच. एडिंबरोचे रुग्णालय १८८४ साली पाडले गेले. डंडीची कथा तर आपल्यालाही जवळची आहे. बंगालच्या तागावर तेथील गिरण्या चालत आणि त्याच व्यवसायात धनाढ्य झालेल्या जेम्स केअर्ड यांनी नव्या सभागृहासाठी एक लाख पौंड दिले. त्याची पायाभरणी १९१४ साली झाली. सभागृह उभे राहिले, पण जुने नगरभवन त्याच्या पुढ्यातच होते. १९३२ साली ते पाडून चौक मोकळा करण्यात आला. दानशूर केअर्ड यांना दोष देता येणार नाही. ते १९१६ सालीच वारले होते. चौकासाठी दुसरी आखणी शक्य नव्हती, हे मात्र आम्हास पटत नाही.

चौकापासून जवळच, क्रायटन स्ट्रीटवर, पिलर्स नावाचे मद्यगृह आहे. त्याच्या दारावर त्या नगरभवनाची छोटी प्रतिकृती बसविलेली आहे.