झिंगराजीचा मुलगा



आजच्या वाचनात ग्रामगीतेतला संसर्गप्रभावाचा अध्याय होता. माणूस ज्यांच्यात उठतो-बसतो तसा घडत जातो, हा त्याचा विषय. वाचताना गाडगेबाबा आठवले, आणि बाबांच्याही आधी त्यांचे वडील.

झिंगराजी जानोरकर, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. परीट समाजातलं, खाऊनपिऊन सुखी घर. २३ फेब्रुवारी १८७६ ला मुलगा झाला, त्याचं नाव डेबूजी. तेव्हाची रीत अशी, की देवाला बोकड कापायचा, दारू दाखवायची आणि मग तोच प्रसाद म्हणून सगळ्यांनी घ्यायचा. म्हणजे झिंगराजी काही कोपऱ्यात एकटे बसून दारुडे झाले नाहीत. बिरादरीत, देवाच्या नावानं, चार लोकांचा मान राखायला दारू हातात आली आणि मग सुटलीच नाही. घरदार गेलं, अंग पोखरलं. खाटेला खिळल्यावर त्यांचे डोळे उघडले. पोराला या असल्या देवांच्या आणि दारूच्या वाऱ्यालाही उभं करू नकोस, असं त्यांनी सखुबाईला बजावलं आणि डोळे मिटले. डेबूजी तेव्हा लहानच, सात-आठ वर्षांचा.

मला इथं नेहमी अडखळायला होतं. या माणसाला पाजायला अख्खी बिरादरी होती, सोडवायला एक माणूस नव्हता. समज आली तीही मरणाच्या खाटेवर, आणि एकट्याला.

पुढे आईसोबत डेबूजी मामाकडे गेला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. गुरं राखली, नांगर धरला. मामाचं शेत सावकारानं कागदाच्या बळावर गिळलं तेही पाहिलं. कुंताबाईशी लग्न झालं, मुलगी झाली. आणि बारशाला पुन्हा तोच प्रश्न दारात आला. बारसं म्हटलं की मटण आणि दारू, नाहीतर बिरादरी नाव ठेवणार. डेबूजीनं गोड जेवण घातलं. लोक कुरकुरले, पण जेवून गेले. बाबांच्या चरित्रात झाडू, खापर, गोधडी हेच जास्त सांगितलं जातं. मला हे बारसं मोठं वाटतं. स्वतः न पिणारे पुष्कळ असतात हो, पण आपल्या दारातली पंगतच बदलायची, याला छाती लागते.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. दिवसा हातात झाडू, रात्री कीर्तन. कीर्तनही कसं, तर समोरच्यालाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करता का, दारू पिता का, बोकड कापता का. उत्तर लोकांनी द्यायचं, सगळ्या गावासमक्ष. अक्षर न शिकलेल्या या माणसाला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती : जे चारचौघांत लागलं ते चारचौघांतच सुटतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्या ओसरीवर स्वतःचा हक्क मात्र ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह ठेवला.

आता आपल्या भंडाऱ्याचं. मोहफुलाची काढलेली असो की दुकानातली, आपल्याकडे मंडईला पाहुणे आले की बाटली निघतेच. एका ताईनं मला विचारलं, की घरच्या माणसाला सोडायची आहे, पण जायचं कुठं, कुणाकडं?

तर ऐका. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं. योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन दारुडे एकमेकांसमोर बसले, आपापली कहाणी सांगितली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं. आपल्याकडे लोक त्याला एए म्हणतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. उद्याची शपथ नाही, आजचा दिवस काढायचा. घरच्यांसाठी वेगळी बैठक असते, तिला अल-अॅनॉन म्हणतात, म्हणजे माणूस यायला तयार नसला तरी ताई एकटी जाऊ शकते. जवळ काय सोय आहे ते १४४४६ या सरकारी नशामुक्ती क्रमांकावर विचारा, पैसे लागत नाहीत.

एक मात्र सांभाळा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवावरही बेततं. म्हणून देवासमोर शपथ घालण्याआधी त्याला जिल्हा सामान्य रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. औषध घेतलं म्हणून भक्ती कमी होत नाही.

आणि बैठक दूर असली तर तोवर? गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर सामुदायिक प्रार्थनेला त्याला सोबत न्या. तिची वेळ तिन्हीसांजेची, आणि पिणाऱ्याचे पाय वळायची वेळही नेमकी तीच. मंडळातल्या भाऊंना माझी एवढीच विनंती, की तो पहिल्या दिवशी वास मारत आला तरी त्याला सतरंजीवर जागा द्या.