फ्रेडरिक लँचेस्टर

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (जन्म : लंडन, २३ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : बर्मिंगहॅम, ८ मार्च १९४६) हे इंग्रज अभियंते, मोटारगाड्यांचे निर्माते आणि विमानविद्येचे अभ्यासक होते. मोटारीसाठी जबड्यांनी तबकडी पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचे पेटंट त्यांनी १९०२ साली घेतले. ही रचना आज जगातील बहुतेक मोटारींत आढळते. मात्र तबकडीवर दाबायच्या पॅडसाठी योग्य पदार्थ त्या काळी हाती नसल्याने त्यांच्या हयातीत ती रुळली नाही.

बालपण व शिक्षण

लँचेस्टर यांचे वडील हेन्री हे वास्तुविशारद, तर आई ऑक्टेव्हिया या गणित व लॅटिनच्या शिक्षिका होत्या. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथे. त्यांच्या लहानपणीच कुटुंब ब्रायटनजवळ राहावयास गेले. पुढे साउदॅम्प्टन व लंडन येथे त्यांनी विज्ञान आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, परंतु पदवी मिळवली नाही. १८८९ साली ते बर्मिंगहॅममधील गॅस इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात रुजू झाले.

मोटार-निर्मिती

सुरुवातीच्या अनेक मोटारी म्हणजे घोडागाडीच्या सांगाड्यावर बसवलेले इंजिन होते. लँचेस्टर यांनी १८९५ साली बांधलेली गाडी मोटार म्हणूनच आखलेली होती. तिची रस्त्यावरील चाचणी १८९६ साली झाली. इंजिनाची थरथर त्यांना खपत नसे. तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी उलटसुलट दिशेने फिरणाऱ्या दोन क्रँकशाफ्टचे इंजिन रचले. १८९९ साली जॉर्ज व फ्रँक या भावांसह त्यांनी बर्मिंगहॅम येथे लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन केली. गाड्यांना मागणी असूनही भांडवल अपुरे पडले आणि १९०४ साली कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. नव्या नावाने ती पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडरिक यांचा तिच्याशी असलेला संबंध हळूहळू कमी होत गेला व धुरा जॉर्ज यांच्याकडे आली. या गाड्यांच्या आरंभीच्या ग्राहकांत मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग होते. नवानगरचे जामसाहेब व क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांच्या ताफ्यातही लँचेस्टर गाड्या होत्या.

डिस्क ब्रेक आणि तांब्याचे पॅड

त्या काळी ब्रेक मुख्यत्वे दोन प्रकारचे असत : फिरत्या ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा किंवा चाकावर दाबला जाणारा ठोकळा. लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी घेतली आणि तिची कड दोन्ही बाजूंनी जबड्यात पकडण्याची योजना केली. ब्रेक लावणे म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. बंद ड्रममध्ये ही उष्णता कोंडते. उघडी तबकडी मात्र वाऱ्यावर थंड होत राहते. शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या ब्रेक-शूपासून दूर सरकतो. तबकडी तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते.

आराखडा असा निर्दोष असला, तरी तबकडीला प्रत्यक्ष भिडणाऱ्या पदार्थाचा प्रश्न उरला. चामडे आणि लाकूड उष्णतेपुढे टिकत नसत. लँचेस्टर यांनी तांबे निवडले. तांब्यातून उष्णता झपाट्याने वाहून जाते, त्यामुळे निवड तर्कसंगत होती. परंतु धातूवर धातू घासल्याने कानठळ्या बसवणारा कर्कश आवाज होई. तत्कालीन रस्ते कच्चे व धुळीचे होते. धूळ तबकडी आणि पॅड यांच्यामध्ये शिरून मऊ तांबे लवकर झिजवी. वारंवार पॅड बदलावे लागणारा आणि किंचाळणारा ब्रेक ग्राहकांच्या पसंतीस उतरणे कठीण होते. यात यंत्ररचनेचा दोष नव्हता. उणीव होती ती घर्षण-पदार्थाच्या शास्त्राची.

ती पुढे इतरांनी भरून काढली. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्यांत राळेसारखे पदार्थ मुरवून ब्रेकची अस्तरे तयार केली. त्यांच्या फेरोडो या व्यापारनामात त्यांच्या आडनावाचीच अक्षरे फिरवलेली आहेत. ही अस्तरे उष्णता सोसत आणि आवाजही कमी करीत. तरीही त्यांचा मोठा वापर दीर्घकाळ ड्रम ब्रेकमध्येच झाला.

विमानविद्या व युद्धगणित

पंख हवेत उचल कशी निर्माण करतात, याविषयीचे लँचेस्टर यांचे विचार १८९० च्या दशकातील आहेत. ते १९०७ व १९०८ साली दोन ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांनी याच दिशेने पुढे केलेल्या कामामुळे त्यांचे महत्त्व पटले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यसंख्या व हानी यांचा संबंध समीकरणांत मांडला; ती समीकरणे लँचेस्टरचे नियम म्हणून ओळखली जातात. १९२२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

अखेरची वर्षे

लँचेस्टर यांचा विवाह १९१९ साली डोरोथिया कूपर यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. डेमलर कंपनीचे सल्लागार म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले. अखेरच्या काळात त्यांना कंपवाताने ग्रासले आणि दृष्टीही अधू झाली. इतके शोध नावावर असूनही त्यांच्या गाठीशी पैसा राहिला नाही. बर्मिंगहॅममधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

त्यांच्या निधनानंतर सातच वर्षांनी, १९५३ साली, ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून शिथिल पडत असताना जॅग्वारच्या चालकांना वळणाच्या बरेच जवळ जाऊन ब्रेक लावता येत होता. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ आणि १९५७ मध्ये जॅग्वार एक्सके१५० या स्पोर्ट्स मोटारींत हे ब्रेक सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचले.

या जुन्या गाड्या जपणाऱ्यांना लँचेस्टर यांच्यासमोरचाच प्रश्न आज वेगळ्या रूपात पडतो. त्यांचे मूळ पॅड अ‍ॅस्बेस्टॉसचे होते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचे गंभीर रोग होतात, हे सिद्ध झाल्यावर ब्रिटनने १९९९ साली त्यावर बंदी आणली. म्हणून जुना पॅड काढताना धूळ हवेच्या झोताने उडवणे धोक्याचे असते. ती ओल्या फडक्याने टिपतात. नवा पॅड निवडताना शर्यतीचा कठीण पॅड मोहात पाडतो, पण तो चांगला तापल्याखेरीज नीट पकड घेत नाही आणि तबकडीही अधिक झिजवतो. क्वचित व सावकाश चालवल्या जाणाऱ्या गाडीला थंड असतानाच धरणारा मऊ पॅड अधिक सुरक्षित ठरतो. घाटात सतत ब्रेक लावावा लागल्यास मात्र तो लवकर दमतो. जॅग्वार ई-टाइपमध्ये मागच्या तबकड्या चाकांपाशी नसून गाडीच्या मध्यभागी डिफरन्शिअलला लागून आहेत. तेथे हवा कमी खेळते आणि पॅड बदलण्यासाठी गाडीखाली शिरावे लागते, त्यामुळे चुकीची निवड तिथे अधिक महागात पडते.

तांबेही पुढे पॅडमध्ये परत आले. सबंध तुकडा म्हणून नव्हे, तर मिश्रणातील बारीक तंतूंच्या रूपात. त्यांनी उष्णता वाहून नेण्याचे काम चोख केले. परंतु झिजलेले तांबे रस्त्यावरून ओढ्या-नद्यांत जाऊन जलचरांना अपायकारक ठरते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली कायदे करून पॅडमधील त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटवण्यास सुरुवात केली.