घटसर्पाचा वैरी : एमिल फॉन बेहरिंग

घटसर्प हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले तो गोठ्यातला. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांचे डॉक्टर लस टोचायला येत आणि वडील म्हशीचे दावे धरून उभे राहत. त्यामुळे कॉलेजच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात लहान मुलांच्या घटसर्पाविषयी वाचले, तेव्हा मला ती छपाईची चूकच वाटली. घरी गेल्यावर ही गंमत म्हणून आजीला सांगितले. ती हसली नाही. वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चार वर्षांची असताना घसा धरला आणि तीन दिवसांत गेली, एवढेच बोलून ती तांदूळ निवडत राहिली. त्या पोरीला कोणता रोग होता हे तेव्हा कोणी सांगितले नाही, आता सांगता येणार नाही. पण त्यानंतर एमिल बेहरिंगचे चरित्र मी निराळ्या नजरेने वाचले.

जनावरांच्या घटसर्पाचा जंतू वेगळा. मुलांना होणारा घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. यात घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरतो आणि मूल श्वासासाठी तडफडते. एकोणिसाव्या शतकात युरोपात या रोगाने दरवर्षी हजारो मुले जात. गळ्याला छेद देऊन नळी बसवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असे.

बेहरिंगचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शाळामास्तर, घरात तेरा भावंडे. मास्तरांच्या पगारात मुलाला डॉक्टर करणे शक्यच नव्हते. बर्लिनला लष्कराचे वैद्यकीय विद्यालय होते. तेथे शिक्षण फुकट, पण त्या बदल्यात पुढे कित्येक वर्षे लष्कराची चाकरी करावी लागे. १८७४ मध्ये त्याने तेथे प्रवेश घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असा करार करताना मनात काय होत असेल याची मला थोडी कल्पना आहे. शिकायला मिळाले यातच माणूस खूश असतो. अटी नंतर वाचल्या जातात.

शिक्षण संपल्यावर बेहरिंग लष्करी डॉक्टर म्हणून गावोगाव फिरला. १८८९ मध्ये त्याला बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करण्याची संधी मिळाली. डिप्थीरियाचा जंतू तोवर सापडला होता. तो घशातच बसतो, पण त्याचे विष रक्तात भिनून हृदयापर्यंत जाते, हे रू आणि येर्सिन यांनी पॅरिसमध्ये १८८८ साली दाखवले होते. बेहरिंगने आधी रोगी गिनीपिगांना आयोडीनचे एक जहाल औषध टोचून पाहिले. बरेच मेले. जे जगले त्यांची कातडीही औषधाने भाजून निघाली होती. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून मोकळा झाला असता. बेहरिंगने त्या वाचलेल्या प्राण्यांना पुन्हा रोग देऊन पाहिला, तेव्हा त्यांना काहीच झाले नाही. त्यांच्या रक्तातील पाणीदार भाग, म्हणजे सीरम, विषाचा जोर मारत होता. दुखणे सोसून उठलेल्याचे रक्त दुसऱ्याला वाचवू शकते, हा तो शोध.

डिसेंबर १८९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी बेहरिंगच्या बरोबरीने जपानचा शिबासाबुरो कितासातो काम करत होता. धनुर्वातावरचे काम तर मुख्यतः त्याचेच. पुढे पाउल एर्लिख यांनी सीरमचा जोर मोजण्याची रीत बसवली; तिच्यावाचून कोणत्या मुलाला किती द्यायचे हे कळलेच नसते. मेंढ्या आणि घोडे यांच्यापासून सीरम निघू लागले. १८९४ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात रू यांनी ते वापरले, तेव्हा शंभरात पन्नासावर मुले दगावत होती तेथे हा आकडा पंचवीसच्या आसपास आला.

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते एकट्या बेहरिंगला. त्याच वर्षी नावामागे 'फॉन' ही सरदारकीची खूणही लागली. कितासातो मात्र राहून गेला. एर्लिखशीही बेहरिंगचे पुढे बिनसले. मला हे खटकते. ज्याने स्वतः पैशाअभावी दुसऱ्याच्या दारात उभे राहून विद्या मिळवली, त्याने सोबत्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा? आमच्या सरांचे म्हणणे असे, की पारितोषिक देणारे वेगळे, त्याचा दोष बेहरिंगवर का टाकावा. मला अजून ते पटलेले नाही. असो.

पुढे मारबुर्गला त्याने औषधांचा कारखाना काढला. गुरांच्या क्षयावर लस शोधण्यात बरीच वर्षे घालवली, ते काम तडीस गेले नाही. मनाच्या दुखण्याने त्याला काही काळ आरोग्यधामात काढावा लागला. पहिल्या महायुद्धात धनुर्वाताच्या सीरमने असंख्य जखमी सैनिक वाचले. युद्ध चालू असतानाच ३१ मार्च १९१७ रोजी तो वारला.

सीरम हे रोग झाल्यावरचे औषध. रोग होऊच नये म्हणून द्यायची लस गास्ताँ रामाँ यांनी १९२३ मध्ये विषालाच निर्विष करून तयार केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे नाव आपण रोज ऐकतो. ती १९६६ साली निघाली तीही घोड्यांच्या रक्तापासून सीरम काढण्यासाठीच.

गेल्या महिन्यात चुलतभावाचे बाळ दीड महिन्याचे झाले. आजी स्वतः त्याला घेऊन उपकेंद्रात गेली. आता पाच रोगांची मिळून एकच सुई असते, त्यात घटसर्पही असतो, हे मी तिला सांगितले होते. परत आल्यावर तिने विचारले, त्या जर्मन डॉक्टरला मुले किती होती. सहा, सगळे मुलगेच, असे मी सांगितले. सगळी जगली का, हेही तिने विचारले. ते मात्र मी पुस्तकात पाहिले नव्हते.