सर्पगंधेला जगासमोर नेणारे डॉ. वकील

12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने दगावले. वर्षभर आधीच त्यांचा रक्तदाब 186/108 भरला होता. पण तो उतरवणारी भरवशाची गोळी तेव्हा डॉक्टरांकडे नव्हती. त्याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील एका भारतीय मुळीचा गुण तपासत होते.

1911 मध्ये मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले वकील लंडनला शिकून परतले आणि हृदयरोगतज्ज्ञ म्हणून केईएम रुग्णालयात काम करू लागले. सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यान् पिढ्या निद्रानाशावर आणि मनोविकारांवर देत आले होते. तिने रक्तदाबही उतरतो, असे कोलकात्याच्या सेन व बोस यांनी 1931 मध्येच लिहिले होते. बाहेरच्या जगाने मात्र दखल घेतली नव्हती. वकिलांनी रुग्णांचा दाब चिकाटीने मोजला, नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये 50 रुग्णांवरील निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. 1952 मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958 मध्ये पद्मभूषण. 1974 मध्ये त्यांचे निधन झाले.

रिसर्पिनने काही रुग्णांना उदासी येई. पुढे अधिक सोसवणारी औषधे आली आणि ते मागे पडले. पण रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास त्या मुळीने दिला.

त्याचे मोल आज अधिक कळते. वाढलेला दाब मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या जाड व कडक करतो. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त कमी पडते. लहान लहान झटके तर कळतही नाहीत. मग हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत, आणि घरचे म्हणतात, वय झाले. चाळिशी-पन्नाशीतला दाब सत्तरीत स्मरणशक्तीवर उतरतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात वरचा दाब 120 च्या खाली ठेवण्याचे उपचार घेतलेल्यांत सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण सुमारे 19 टक्क्यांनी कमी दिसले. कोणाचा दाब किती असावा, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. वारीला निघताना पिशवीत टाळ आणि शिदोरीबरोबर रक्तदाबाच्या गोळ्याही असाव्यात. बरे वाटते म्हणून त्या बंद करू नयेत, आणि सर्पगंधेची मुळी मनाने उगाळून घेऊ नये. मुळीचा गुण वकिलांनीही मोजूनमापूनच सिद्ध केला होता.